एम-पेसा
भ्रमणध्वनीवरून (मोबाईल) पैसे पाठविण्याची व साठविण्याची केन्यातील एक सेवा. ‘एम’ हे ‘मोबाईल’चे आद्याक्षर असून ‘पेसा’ म्हणजे स्वाहिली भाषेत पैसा. हा शब्द हिंदी महासागरातील व्यापाराद्वारे भारतातून पूर्व आफ्रिकेत गेला. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत रुपयाचेच चलन होते. संगणक व बँक यांपासून दूर असलेल्या जनतेची वंचितता, म्हणजेच अंकीय दरी, साध्या भ्रमणध्वनीने काही अंशी कशी कमी होते, याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

इ. स. २००० च्या सुमारास केन्यात शंभर माणसांमागे सु. एकच तारजोडणीचा दूरध्वनी होता. बँकांच्या शाखा मुख्यत्वे शहरांत होत्या. नैरोबीत मजुरी करणारे लोक गावाकडे पैसे पाठवीत, ते बसचालकाकरवी वा ओळखीच्या माणसाबरोबर. त्यात विलंब व चोरी यांचे भय असे. आगाऊ पैसे भरून वापरावयाच्या स्वस्त भ्रमणध्वनीने ही स्थिती पालटली.

व्होडाफोन व सफारीकॉम या कंपन्यांनी ब्रिटिश सरकारच्या अनुदानाच्या साहाय्याने २००५ मध्ये या सेवेची चाचणी घेतली. मूळ हेतू लहान कर्जांचे हप्ते फेडण्याची सोय करणे हा होता. परंतु लोक परस्परांना पैसे पाठविण्यासाठीच तिचा उपयोग करू लागले. त्यानुसार योजनेचे स्वरूप बदलून मार्च २००७ मध्ये ती देशभर सुरू झाली. ग्राहक जवळच्या दुकानातील अभिकर्त्याकडे (एजंट) रोख रक्कम देतो व ती त्याच्या खात्यावर जमा होते. गुप्तांक वापरून ती दुसऱ्याच्या क्रमांकावर पाठविता येते आणि पैसे मिळालेली व्यक्ती आपल्या गावच्या अभिकर्त्याकडून रोख रक्कम घेते. यासाठी इंटरनेट वा बँकखाते लागत नाही. ग्राहकांची रक्कम बँकेत विश्वस्त खात्यावर ठेवली जाते. केन्याच्या मध्यवर्ती बँकेने आरंभीच हरकत न घेता देखरेख ठेवण्याचे धोरण स्वीकारल्याने प्रसार सुकर झाला. २००८ च्या आरंभी निवडणुकोत्तर हिंसाचारात अडकलेल्यांना या मार्गाने मदत पोहोचली. दोन वर्षांत ग्राहकांची संख्या ५० लाखांवर गेली.

औपचारिक वित्तसेवा वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००६ मध्ये सु. २७ टक्के होते. ते २०१९ मध्ये सु. ८३ टक्के झाले. तवनीत सूरी व विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१६ मधील अभ्यासानुसार या सेवेमुळे सु. १,९४,००० कुटुंबे दारिद्र्यातून वर आली, तर सु. १,८५,००० स्त्रिया शेती सोडून व्यापार वा विक्रीच्या व्यवसायाकडे वळल्या. दूरच्या आप्तांकडून अडचणीच्या वेळी त्वरित मदत मिळणे, हे यामागील एक प्रमुख कारण होय.

तथापि दरी पूर्णपणे बुजलेली नाही. लहान रकमांवरील सेवाशुल्क गरिबांना जड जाते. त्या शुल्कावरील अबकारी कर २०२३ मध्ये १५ टक्के करण्यात आला. २०१२ नंतर भ्रमणध्वनीवरून मिळू लागलेल्या झटपट कर्जांनी अनेकांना कर्जबाजारी केले. बहुसंख्य व्यवहार एकाच कंपनीच्या हाती एकवटले. इंटरनेटवरील सेवांसाठी महागडा स्मार्टफोन, अक्षरओळख व वीज यांची गरज असल्याने स्त्रिया व ग्रामीण गरीब मागे राहतात. एम-पेसाच्या यशात उपकरणाइतकाच वाटा गावोगावच्या दुकानदारांचा व शासकीय धोरणाचा आहे. केवळ भ्रमणध्वनी हाती आल्याने विषमता मिटत नाही, हेच या इतिहासावरून दिसून येते.