छापील गेलं, हातचं उरलं

पापडीच्या चर्चमध्ये आज मिस्सा मराठीत चालते, आणि पोरांना त्यात काही विशेष वाटत नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी तिथेच लॅटिन घुमत होतं. अर्थ न कळता म्हातारी माणसं त्यातली उत्तरं तोंडपाठ म्हणायची. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपली भाषा वेदीवर आली. म्हणूनच तिच्या साडेतीनशे वर्षं आधी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगणाऱ्या ग्रंथाबद्दल मला फार जिव्हाळा आहे. आमच्या घरी त्याची एक प्रत आहे. ती हाताळताना मनात येतं, हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला तरी कसा?

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडच्या विल्टशायरमधले जेझुइट. ४ एप्रिल १५७९ ला लिस्बन सोडून ऑक्टोबरात ते गोव्याला उतरले आणि पुढची चाळीस वर्षं, १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, बहुतेक काळ साष्टीत राहिले. मराठी आणि कोकणी त्यांनी इतकी आपलीशी केली, की त्यांनी रचलेला हा ग्रंथ, ख्रिस्तपुराण, वाचताना परकेपणा कुठे खुपत नाही. दोन पुराणं, पंचाण्णव अवस्वरू म्हणजे अध्याय, १०,९६२ ओव्या. १६१६ मध्ये ते राचोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत.

रोमन का? स्टीफन्सना देवनागरीच हवी होती. १६०८ च्या एका पत्रात त्यांनी अडचण सांगितली आहे: युरोपात चोवीस अक्षरांत काम भागतं, इथे जोडाक्षरं धरून सहाशेच्या आसपास साचे पाडावे लागतील. ते पाडले गेले नाहीत. मग ‘श’साठी एक्स, ट-ड-ण-ळ साठी दुहेरी अक्षर अशी तडजोड झाली. असं पान डोळ्यांनी वाचू गेलं की अडखळायला होतं. मोठ्यानं वाचलं की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासून कान सावरतो आणि पुढे मराठी सरळ ऐकू येते.

१६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छपाई झाली. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारनं स्थानिक भाषांवर बंदीचा हुकूम काढला, आणि छापखान्याच्या बाजूनं या ग्रंथाला वालीच उरला नाही.

एरवी हस्तलिखित झिजतं, हरवतं आणि छापील प्रत त्याला जगवते. इथे उलटं झालं. ज्यांना हे पुराण गायला हवं होतं, त्यांनी ते हातानं उतरवून घेतलं. पोथी घरची असे आणि तिचा उपयोग अख्ख्या गावाला होई. रविवारी, सणाच्या दुपारी ती वाचली जाई. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांतल्या अशाच पोथ्या जमवून, ताडून पाहून जोसेफ सालढाणांनी १९०७ मध्ये मंगळूरहून रोमन लिपीतली आवृत्ती काढली. माझ्या लेखी ग्रंथाचा हा दुसरा जन्म.

एक पोथी मात्र फार दूर गेली. विल्यम मार्सडेन या इंग्रज पंडितानं आपला संग्रह १८३५ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिला. तिथून तो पौर्वात्य विद्यांच्या शाळेत गेला. त्यात आदिपुराण आणि देवपुराण अशा नावांनी एक देवनागरी हस्तलिखित होतं. मुंबईत काम केलेले अमेरिकन मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांनी ते ओळखलं आणि १९२३ मध्ये जाहीर केलं: हेच ख्रिस्तपुराण! रोमन पाठात जिथे पोर्तुगीज शब्द येतात, तिथे या पाठात अनेकदा संस्कृत वळणाचे शब्द आहेत. अ‍ॅबटना वाटलं, मूळ ग्रंथ हाच. अभ्यासकांत यावर वाद आहे. मला त्या निकालापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते: जी लिपी स्टीफन्सना छापायला मिळाली नाही, ती कुणीतरी बोरूनं कागदावर आणली होती.

१९५६ मध्ये शांताराम बंडेलूंनी पुण्याहून हे पुराण देवनागरीत छापलं. सहाशे साच्यांची अडचण तोवर कधीच सरली होती. घरी प्रायश्चित्तकाळात संध्याकाळी आम्ही दुसरं पुराण काढतो. वाचणारा एक, ऐकणारे चार. एखादा जुना शब्द अडला की कुणीतरी म्हणतं, थांबू नको, पुढे म्हण.