परदेशीय साहुकार आणि मराठी राज्याचा कौल

मराठ्यांचें राज्य हें निव्वळ लष्करी राज्य होतें, चौथाई व सरदेशमुखी यांवर त्याचा निर्वाह चाले, व परमुलुखींचें द्रव्य आपल्या बंदरांत खेळविण्याची दृष्टि त्याच्या कारभाऱ्यांस नव्हती, असें मत पुष्कळ वेळां मांडलें जातें. राजापूरच्या इंग्रज वखारीची १६६१ मधील लूट व सुरतेची १६६४ आणि १६७० मधील लूट हीं त्याचीं प्रमाणें म्हणून पुढें येतात. हीं प्रमाणें खोटीं नाहींत. तीं अपुरीं आहेत. याच राज्याच्या कागदांत व्यापारी आणावा कसा, राखावा कसा, आणि कोणत्या व्यापाऱ्यापासून सावध असावें कसें, याचा सुसंगत विचार आढळतो. प्रस्तुत लेखांत त्यांतील तीन कागदांचा परामर्श घ्यावयाचा आहे : १६७१ चें मिठाच्या जकातीचें पत्र, १६७४ चा इंग्रजांशीं झालेला तह, आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें आज्ञापत्र.

प्रथम कौल या शब्दाचा विचार करूं. हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ ‘वचन’ एवढाच आहे. नव्या वसाहतदारास, पेठेंत येणाऱ्या उदम्यास किंवा बंदरास लागणाऱ्या जहाजास राजा जें अभय व जी सूट देई, तिच्या लेखास कौल म्हणत. शब्द बाहेरचा असला तरी वस्तु जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत पण्याध्यक्षाच्या प्रकरणीं परभूमींतील माल अनुग्रहानें आणावा, नाविकांस व सार्थवाहांस परिहार, म्हणजे करांत सूट, द्यावी, असें सांगितलें आहे. आंध्र किनाऱ्यावरील मोटुपल्ली येथें काकतीय गणपतिदेवाचा शके ११६६ (इ. स. १२४४–४५) मधील स्तंभलेख आहे. तो परद्वीपांहून येणाऱ्या व्यापाऱ्यांस दिलेलें अभयशासनच होय. तुफानानें भरकटून किनाऱ्यास लागलेल्या गलबतांतील माल पूर्वींचे राजे सर्वस्वीं हिरावून घेत. आपण मात्र ठराविक शुल्काखेरीज कांहीं घेणार नाहीं, असें त्यांत तो राजा लिहितो. शुल्काचा दर तिसास एक, म्हणजे शेंकडा सव्वातीनहून किंचित् अधिक.

या साम्यावरून मराठी मुत्सद्द्यांनीं कौटिल्य वाचला होता असें अनुमान काढणें धाडसाचें होईल. अर्थशास्त्र मुद्रित रूपानें शामशास्त्र्यांनीं १९०९ मध्यें प्रसिद्ध केलें. साम्य ग्रंथापासून आलेलें नसून वस्तुस्वभावापासून आलेलें आहे. व्यापारी हा सैन्यानें ओढून आणतां येत नाहीं. तो वचनावर विश्वासून आपल्या पायांनीं येतो, हें ज्यास ज्यास कळलें त्यानें त्यानें हाच मार्ग धरला.

आतां १६७१ चें पत्र पाहूं. हें पत्र शिवाजीमहाराजांनीं कुडाळचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांस त्या वर्षाच्या डिसेंबरांत लिहविलें. पोर्तुगीज अमलाखालील बारदेशांत मीठ स्वस्त मिळत असल्यामुळें व्यापारी तिकडे ओढला जाईल व स्वराज्यांतील मिठागरें बुडतील, ही त्यांतील चिंता आहे. उपाय मात्र बंदीचा नाहीं. बारदेशाच्या मिठावर जकात अशी बसवावी कीं, खरेदी व जकात मिळून तें संगमेश्वराकडील मिठाहून महाग पडावें. दोन ठिकाणचे भाव शेजारीं ठेवून त्यांच्या अंतराइतकी जकात आकारण्याची ही रीत हिशेबी डोक्याची आहे. व्यापाऱ्याचा हात धरावयाचा नाहीं, त्याचा नफा वळवावयाचा, हें तिचें मर्म.

दुसरा कागद १६७४ चा. राज्याभिषेकाच्या प्रसंगीं हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हां राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथें वखारी, शेंकडा अडीच जकात, आणि राजापूरच्या लुटीची भरपाई या त्याच्या मुख्य मागण्या होत्या. त्या बहुतेक मान्य झाल्या. दोन कलमांवर जी चर्चा झाली ती विशेष महत्त्वाची आहे. इंग्रजी नाणें राज्यांत चालावें या मागणीवर, कोणत्याही नाण्यास मनाई नाहीं, परंतु तें घेण्याची रयतेवर सक्ति करतां येणार नाहीं, असें महाराजांचें म्हणणें पडलें. फुटलेल्या जहाजांचा माल परत देण्याच्या कलमास किनाऱ्याच्या वहिवाटीची अडचण दाखविण्यांत आली. एकास दिलें तर इतर टोपीकरही तेंच मागतील, अशी शंका होती. जो हक्क गणपतिदेवानें सव्वाचारशें वर्षांपूर्वीं आपण होऊन सोडला, तो येथें सहजासहजीं सुटत नव्हता, हें नमूद केलें पाहिजे. भरपाईचा आंकडा दहा हजार होन ठरला. पण ती रक्कम पदरांत पडावी म्हणून इंग्रजांस पुढें दीर्घकाळ तगादा लावावा लागला. मराठी धोरणाचें वैगुण्य येथेंच दिसूं लागतें.

तिसरा कागद सर्वांत मोलाचा. आज्ञापत्र १७१५–१६ च्या सुमाराचें असून त्यांत साहुकारांविषयीं स्वतंत्र प्रकरण आहे. राज्याची शोभा साहुकारांनीं वाढते, दुर्मिळ वस्तु त्यांच्यामुळें मिळतात, संकटसमयीं कर्ज तेच देतात. यास्तव त्यांचा अपमान होऊं देऊं नये, परमुलुखींच्या साहुकारांचें समाधान करून त्यांस आणावें, दर्यावर्दी व्यापाऱ्यांस बंदरोबंदरीं कौल पाठवावे, असा त्याचा आशय आहे. आरमाराच्या प्रकरणांत तर बेकौली परमुलकी तारवांसही भय न दाखवितां दिलासा द्यावा, लांकूडपाणी पुरवावें व थोडी जकात घेऊन वाटेस लावावें, असें सुचविलें आहे.

याच प्रकरणांत लेखक एकदम भेद करतो. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस व डिंगमार हेही साहुकारीच करतात. परंतु ते इतर साहुकारांसारखे नव्हेत, कारण त्यांच्या पाठीशीं त्यांचीं राज्यें उभीं आहेत. त्यांची ये-जा व्यापारापुरती असावी. वखारीस जागा द्यावीच लागली तर ती खाडीच्या अगर समुद्राच्या कांठीं देऊं नये, किनाऱ्यापासून दूर, गांवाच्या बाजाराजवळ द्यावी. पक्की इमारत बांधूं देऊं नये. आरमार व दारूगोळा हें त्यांचें बळ, तें समुद्रापासून तोडावें, हा हेतु. परक्या धनाचें स्वागत करावें, परंतु त्या धनाचा धनी कोण हें आधीं विचारावें, असा हा सिद्धांत आहे.

मग तो सफल कां झाला नाहीं? पहिलें कारण असें कीं, समुद्रकांठची जागा टोपीकरांच्या हातीं आधींच गेली होती. मुंबई १६६१ च्या विवाहतहानें पोर्तुगालनें इंग्लंडच्या राजास दिली व १६६८ त ती कंपनीकडे आली. मराठ्यांच्या नकाराला तेथें वावच नव्हता. दुसरें कारण अधिक विचारार्ह आहे. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आंजियर याच्या कारकीर्दींत (१६६९–१६७७) कंपनीनें नेमका कौलाचाच मार्ग स्वीकारला. दीवच्या निमा पारख नांवाच्या वाण्यास १६७७ मध्यें घर व वखार यांसाठीं जागा, पहाऱ्याच्या कामापासून मुक्तता आणि धर्माचरणाचें स्वातंत्र्य लेखी मान्य करण्यांत आलें. यांत आज्ञापत्राला अपरिचित असें कांहींच नाहीं. फरक इतकाच कीं, गव्हर्नर बदलला तरी बेटावरील दप्तर व वचन देणारी कंपनी कायम राहिली. उलट मराठी राज्यांत १६८९ नंतरच्या धामधुमींत एका सत्तेचा कौल दुसरी मानीलच याची खात्री उरली नाहीं. १७३९ मध्यें वसई पडल्यावर चिमाजीअप्पांनीं इंग्रजांशीं तह करून पेशव्यांच्या मुलुखांत त्यांना व्यापाराची मोकळीक दिली. १७७४ च्या अखेरीस त्याच इंग्रजांनीं ठाणें घेतलें. अमात्यांचें भय खरें ठरलें.

तात्पर्य, धोरण नव्हतें हा आक्षेप टिकत नाहीं. धोरण होतें, तें टिकविणारी यंत्रणा दुबळी होती. मात्र हा निर्णय पुरता सिद्ध करावयाचा तर एक काम उरतें. कौलनामा पाहून वचन काय दिलें तें समजतें. तें पाळलें कीं नाहीं हें जकातनाक्याच्या व पेठेच्या हिशेबांवरूनच समजणार. सुटीचीं वर्षें भरण्यापूर्वींच पट्टी उगविली गेली काय, साहुकार पेठ सोडून गेला काय, याची साक्ष त्या कागदांत आहे. संग्राहक शिक्क्यामोर्तबाचीं पत्रें जिवापाड जपतात, आणि हिशेबाचे रुमाल मात्र वाळवीच्या स्वाधीन होतात. ज्यांच्या घरीं शेटे, महाजन, कमाविसदार किंवा जकातदार यांच्या वेळचे असे रुमाल असतील, त्यांनीं ते निरुपयोगी समजून टाकूं नयेत, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.