निकाल राखून ठेवला आहे

‘न्यायालयाने निकाल राखून ठेवला’ असे पेपरात वाचले, की आपण चहाचा घोट घेत पुटपुटतो, “सगळं ऐकून झालं ना? मग सांगून टाका की!” आपल्या डोळ्यांपुढे रामशास्त्री उभे असतात. राघोबादादांना ताडकन देहान्त प्रायश्चित्त सांगणारे! पण शास्त्रीबोवांनीसुद्धा आधी नारायणरावांच्या खुनाची चौकशी केली होती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

या राखून ठेवण्याला ‘क्युरिया ॲडव्हिसारी व्हुल्ट’ असे भारदस्त लॅटिन नाव आहे. अर्थ एवढाच, की न्यायालयाला विचार करायचा आहे. वकील मंडळी त्याचे ‘सी.ए.व्ही.’ करून मोकळी होतात. बँकेत टोकनचा जमाना होता, तेव्हा चेक आत गेला की गिऱ्हाइकाला वाटे, आत चहापान चाललंय. खरे तर आत सही आणि शिल्लक ताडून पाहणे चाललेले असे. (चहाही असे, नाही असे नाही.) न्यायाधीशाला तर नुसते ‘पास’ किंवा ‘परत’ म्हणून भागत नाही. का, तेही लिहावे लागते. कारण वरचे कोर्ट ती कारणेच तपासते.

केशवानंद भारती खटलाच घ्या. ३१ ऑक्टोबर १९७२ ला सुनावणी सुरू झाली आणि ६८ दिवस चालली. एका बाजूला नानी पालखीवाला, दुसऱ्या बाजूला एच. एम. सीरवाई, दोघेही मुंबईकर. समोर १३ न्यायाधीश! मार्च १९७३ मध्ये सुनावणी संपली. सरन्यायाधीश सिक्री निवृत्तीच्या उंबरठ्यावर. म्हणून निकाल २४ एप्रिलला आला. निकालपत्रे ११, कौल ७ विरुद्ध ६. संसदेला घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, हे त्या एका मताने ठरले. असला कौल सुनावणी संपल्या संपल्या, उभ्या उभ्या द्यायचा?

पण गंमत पाहा. एवढ्या डोंगराला महिना पुरला; आणि पाटणा उच्च न्यायालयात खुनाच्या खटल्यातले अपील १९९५ मध्ये ऐकून झाले, त्याचा निकाल आला १९९७ मध्ये! सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये अनिल राय खटल्यात कान उपटले. तीन महिन्यांत निकाल नाही, तर पक्षकाराने अर्ज करावा; सहा महिने उलटले, तर दुसऱ्या पीठाकडे प्रकरण द्या म्हणावे.

बरोबरच आहे. सही ताडायला वेळ लागतो, हे गिऱ्हाइकाने समजून घ्यावे. पण टोकन हातात धरून दोन वर्षे उभ्या असलेल्या माणसाने खिडकीवर टकटक केली, तर त्याला उतावळा म्हणू नये.