‘उंदरांवर सिद्ध’ झालेले चिंतेचे औषध आपल्याला लागू पडेल का?

‘डॉक्टर, ही पावडर प्रयोगशाळेत सिद्ध झालेली आहे म्हणे. तुमच्या गोळीऐवजी घेऊ का?’ मोबाइलवरची जाहिरात दाखवून असे विचारणारे रुग्ण दिग्रससारख्या गावातही आता नवीन नाहीत. प्रयोगशाळेत म्हणजे बहुतेक वेळा उंदरांवर.

उंदराला ‘भीती वाटते का?’ असे विचारता येत नाही, म्हणून त्याचे वागणे मोजतात. त्यासाठी अधिकच्या चिन्हासारखी, जमिनीपासून सुमारे ५० सें.मी. उंच बसवलेली चौकट वापरतात. तिच्या दोन भुजांना भिंती असतात, दोन उघड्या असतात. उंदराला उघड्या, उंच जागेची भीती असते आणि नव्या जागेचे कुतूहलही. त्याला मधोमध सोडून ५ मिनिटांत तो उघड्या भुजांवर किती वेळ थांबतो ते पाहतात. तुलनेसाठी एका गटाला डायझेपाम, तर दुसऱ्याला औषध नसलेले द्रावण देतात. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातही असे प्रयोग झालेले आहेत. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी आधी संस्थेच्या नीती समितीची परवानगी लागते.

उंदीर उघड्यावर जास्त फिरला तर भीती कमी झाली, असे मानतात. पण केवळ चळवळ वाढली म्हणूनही तो फिरू शकतो, त्यामुळे तेही वेगळे तपासावे लागते. शिवाय ही चाचणी डायझेपामसारखी औषधे चटकन ओळखते, इतरांच्या बाबतीत मात्र गडबडते. बुस्पिरोन माणसाच्या चिंतेवर चालते, पण इथे त्याचे निकाल कधी असे, कधी तसे येतात. एस्सिटालोप्रामच्या गटातल्या गोळ्या आज आम्ही सहसा आधी देतो. त्यांच्या एकाच डोसने उंदराची भीती बहुधा कमी होत नाही, कधी उलट वाढलेलीही दिसते. रुग्णालाही गुण यायला २ ते ६ आठवडे लागतात आणि सुरुवातीला थोडी अस्वस्थता वाढू शकते. म्हणजे या परीक्षेत नापास होऊनही औषध उपयोगी असू शकते, आणि पास झालेले माणसावर फुकट जाऊ शकते. खरा निर्णय माणसांवरच्या चाचण्यांतूनच लागतो. जाहिरातीत त्यांचा उल्लेख आहे का, तेवढे शोधा.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम किंवा डायझेपाम रोज घेत असाल, तर पावडरीच्या भरवशावर ती एकदम बंद करू नका. थरथर सुटते, झोप उडते, क्वचित फिटही येते. डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावा लागतो. अश्वगंधा किंवा कुठलाही काढा घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा; झोपेच्या गोळीसोबत गुंगी वाढू शकते. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर तो काढा थांबवून लगेच दाखवा.