अखेरचा क्रमांक आणि बारावीचे राज्य

जेईईचा निकाल लागला की घरोघरी विचारले जाते, ‘एवढ्या गुणांवर कुठे मिळेल?’ प्रवेश ठरवतो तो मात्र गुण नव्हे, क्रमांक. एनआयटीसाठी जेईई मेनचा, आयआयटीसाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा.

‘जोसा’ या संयुक्त प्रवेशव्यवस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक संस्थेचे, शाखेचे व प्रवर्गाचे मागील वर्षांचे आरंभीचे आणि अखेरचे क्रमांक उपलब्ध असतात. तुलना करावी ती शेवटच्या फेरीतील अखेरच्या क्रमांकाशी, तीही दोन-तीन वर्षांच्या. राखीव प्रवर्गांसमोर दिलेले क्रमांक प्रवर्गांतर्गत असतात. त्यांच्याशी सर्वसाधारण यादीतील क्रमांक ताडून पाहणारे पालक अकारण निराश होतात. मुलींसाठीच्या जागांची नोंद वेगळी असते.

एनआयटीत साधारणतः निम्म्या जागा गृहराज्यासाठी असतात. हे राज्य अधिवासावरून नव्हे, तर बारावी जेथून उत्तीर्ण केली त्यावरून ठरते. राजस्थानातील कोटा येथून बारावी झालेला मडगावचा विद्यार्थी या हिशेबात राजस्थानचा होतो. बेळगावहून कोल्हापुरास गेलेला महाराष्ट्राचा. दहावीनंतर महाविद्यालय निवडतानाच हे ध्यानात घ्यावे लागते. नंतर त्यावर उपाय नाही. आयआयटीत राज्यनिहाय वाटा मुळीच नाही. गोव्यातील आयआयटीही त्याला अपवाद नाही.

पसंतिक्रम भरताना आवाक्याबाहेरची वाटणारी शाखा वर ठेवल्याने खालची हातची जात नाही. त्यामुळे क्रम आवडीचाच असावा. यादी खाली कुठवर न्यायची, एवढ्यापुरताच या अंदाजाचा उपयोग.