बिब्बा, काजू आणि देवाचा नैवेद्य

साष्टीतील देवळे पाडली जात होती आणि आपले पूर्वज देव घेऊन झुवारीपलीकडील, आदिलशाही अमलाखालच्या अंत्रूज महालात येत होते, त्याच सुमारास त्याच राज्यकर्त्यांच्या गलबतांतून ब्राझीलचे एक झाड आपल्या किनाऱ्यावर उतरले. श्रीमंगेशाचे कुशस्थळीहून प्रियोळास आगमन १५६० सालचे मानतात. गार्सिया द ओर्ताचा वनौषधींवरील ग्रंथ गोव्यातच १५६३ साली छापला गेला. त्यात काजूचे प्रकरण नाही. क्रिस्तोवाँ द कोश्ताच्या १५७८ च्या ग्रंथात मात्र कोचीतील काजूचे वर्णन आहे.

‘काजू’ हे नाव तुपी लोकांच्या ‘आकाजू’वरून पोर्तुगीजांनी घेतले आणि त्यांच्याकडून आपण. परंतु ओल्या काजूगरांना आपल्या घरांतून ‘बिब्बे’ म्हणतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. बिब्बा, म्हणजे संस्कृतातील भल्लातक, हा मूळचा येथला. परीट त्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करीत, वैद्य तो शुद्ध करून औषधांत योजीत, आणि त्याच्या आतली गोडंबी डिंकाच्या लाडवांत पडे. काजू व बिब्बा एकाच कुळातले. दोहोंच्या टरफलात कातडी पोळणारे तेल. हे नाते आपल्या आज्या-पणज्यांनी वनस्पतिशास्त्र न शिकताच ओळखले असावे. गंमत अशी की, युरोपातील पंडितांनीही तेच केले. तेथील औषधविक्रेते बिब्ब्याला ‘आनाकार्दियुम’ म्हणत. ते नाव लिनेअसने १७५३ साली काजूला देऊन टाकले, आणि बिब्ब्यासाठी पुढे ‘सेमेकार्पुस’ हे नवे नाव शोधावे लागले!

घरचे नाव मिळाल्यावर परकेपण कसले? ज्यांच्या भयाने देव हलवावा लागला, त्यांनीच आणलेले फळ देवाच्या नैवेद्याच्या मणगण्यात पडू लागले. काही घरांतून श्राद्धाला बटाटा आजही वर्ज्य आहे. तोही त्याच खंडातून आलेला, पण त्याला येथे कोणी नातेवाईक भेटला नाही.

शंभर ग्रॅम काजूगरात सुमारे १८ ग्रॅम प्रथिने व ४४ ग्रॅम स्निग्धांश असतो. मॅग्नेशियम आणि तांबेही भरपूर. सोमवारी आणि देवकार्याच्या दिवसांत, मासळी वर्ज्य असताना, बिब्ब्यांचे तोणाक पानावर वाढणे ही केवळ जिभेची सोय नव्हती. तळून मीठ लावलेला काजू येताजाता तोंडात टाकणे हे मात्र निराळे व्यसन.

शिमग्याच्या सुमारास ओले बिब्बे सोलण्यापूर्वी बायका हातांना खोबरेल चोळतात. बिब्बा हाताळणाऱ्या वैद्यांचीही रीत हीच.