सर्कशीतील वाघ-सिंहांचे पिंजरे

सर्कशीतील हिंस्र श्वापदांना ठेवण्यासाठी, त्यांची ने-आण करण्यासाठी व खेळासाठी वापरले जाणारे गजांचे बांधकाम. त्याचे मुख्य भाग तीन : चाकांवरचा राहता पिंजरा, त्यापासून रिंगणापर्यंतचा बोगदा आणि खेळाचा गोल पिंजरा. गोल पिंजरा सुट्या लोखंडी जाळ्या एकमेकींत अडकवून उभारतात. त्यामुळे मुक्काम हलवताना तो चटकन उतरवता येतो. रिंगमास्टरसाठी दुहेरी दार असते. बाहेरचे लागल्यावरच आतले उघडतात. आतल्या प्रत्येक जनावराची बैठक ठरलेली असते. बैठकीसाठीची उतरत्या उंचीची स्टुले रुंद बुडाची असतात, म्हणजे उडीने कलंडत नाहीत. चाबूक प्रामुख्याने इशाऱ्यासाठी असतो.

भारतात विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ सुरू केली. पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे (१९०२–७३) मामांच्या सर्कशीतून पुढे आले आणि अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत वाघ-सिंह-बिबळ्यांच्या खेळांनी गाजले.

केंद्र सरकारने १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबळे, अस्वले व माकडे यांच्या खेळांवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती कायम केली आणि भारतीय सर्कशींतून हे पिंजरे हद्दपार झाले.